न दिलेला ठोका

खारघरच्या टेकडीखाली, तळघरातल्या प्रयोगशाळेत
पंप रात्रभर घुरघुरतो.
हेलियमच्या हंड्याच्या मानेशी बर्फ धरतो,
आणि आत, शून्याच्या इतकं जवळ
की तापमान लिहिताना आधी शून्यंच मोजावी लागतात,
तिथे लटकतोय काचेचा एक तुकडा,
नखाएवढा.

माझा बाप जोमा, घणसोलीचा.
जमीन गेली, तेव्हा बेलापूर रोडवरच्या
बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीवर लागला.
बाटली कानाशी धरायची,
बोटाच्या पेराने टक्, टक्,
आणि थांबायचं.
बद्द वाजली तर भंगारात.
एकवीस वर्षं. डावा कान भट्टीने खाल्ला,
उजव्यावर नोकरी निभावली.

तो म्हणायचा, काच म्हणजे घाईत गोठलेला रस.
मिठागरात मीठ कसं सावकाश बसतं,
खडा होतो, कोपरे धरतो.
काचेला तेवढी उसंत कोणी दिली?

म्हणून तिच्यात काही अणू अजून बसलेलेच नाहीत.
दोन खळगे, मधे बांध,
आणि बांधावरून उडी मारण्याइतकी ऊब नाही.
तरी ते बांधातूनच आरपार जातात, येतात.
इकडचे म्हणावं तर तिकडे.

आम्ही विजेचा एक ठोका देतो. सगळे एका तालात.
मग ज्याची त्याची चाल, ताल विस्कटतो,
पडद्यावर सपाट रेघ.
दुसरा ठोका देतो, आणि वाट बघतो.
बाबाला समजावताना मी भोंगा घेतला:
समज, सुटीचा भोंगा झाला,
कोणी सायकलवर, कोणी चप्पल फरफटत,
कोणी पानाच्या टपरीपर्यंतच.
दुसरा भोंगा झाला की जिथे आहे तिथून मागे वळायचं,
आपापल्याच चालीने.
लांब गेलेला वेगाचा, जवळ राहिलेला धिमा,
सगळे गेटवर एकदमच.
तोच तिसरा ठोका.
तो आम्ही दिलेला नसतो.

"आमच्या गेटवर दुसरा भोंगा झालाच नाही,"
बाबा म्हणाला. टाळं लागलं त्या साली मी सातवीत होते.

लेले मॅडम म्हणाल्या, चुंबक लावून बघ.
मला हसू आलं. काचेत लोखंडाचा कण नाही,
चुंबकाचं तिच्याशी काय नातं?
बटण जेमतेम फिरवलं.
तिसरा ठोका वाढला.
आणखी फिरवलं, घटला, परत वाढला.
वायरी उपसल्या, जोडल्या. चार वाजले पहाटेचे.
वाढला.

कारण कळलं ते फार नंतर, ग्लिसरिनमध्ये.
साधं ग्लिसरिन काचेसारखं गोठवलं,
चुंबकाला जवळजवळ दादच नाही.
त्यातला हायड्रोजन बदलून जड हायड्रोजन घेतला,
बाकी काही नाही,
आणि प्रतिध्वनी हेलकावे खाऊ लागला.
अणूचा गाभा. साध्याचा गोल.
जडाचा जरासा लांबट,
वळताना एका बाजूने दबलेल्या लाडवासारखा.
चुंबक दोघांनाही कळतो,
पण गोल गाभा ते मनातच ठेवतो.
लांबट गाभा आपला अणू हलला की कूस बदलतो,
चुंबकाने दिलेला हिसका
अणूच्या येण्याजाण्यात पोचवतो.
एवढ्याशा बेढबपणामुळे
काच ऐकते.

हे मी रविवारी घरी सांगितलं.
बाबा बराच वेळ गप्प.
मग उठला, फ्रिजवरचा आंब्याच्या आकाराचा चुंबक काढला,
चहाच्या रिकाम्या ग्लासाला चिकटवू बघितला.
पडला.
हातातच धरून ठेवला, ग्लासाशेजारी.
पेराने टक्, टक्,
आणि उजवा कान टेकवून बसला.

बाबा, इथे फार गरम आहे रे,
इथे नाही ऐकू यायचं.

"व्हईल गो थंड," तो म्हणाला,
कान न उचलता.